दोन खांबांचं स्टेशन

सकाळचे सात चाळीस. हातात पास, पासात सहा महिन्यांचे पैसे भरलेले, आणि तरीही खांबावरचा दिवा लाल. पुन्हा लावला, पुन्हा लाल. वर तो किरटा आवाज, ज्याचा अर्थ भाषा न येणाऱ्यालाही कळतो. मागे दोन माणसं होती. ती काही न बोलता बाजूने आली, कार्डं लावली आणि जिना चढून गेली. मी खांबापाशी उभा. विचारायला माणूस नाही, कारण ह्या स्टेशनवर 1971 पासून कुणी माणूसच नाही.

स्टेशनचं नाव कोकुदो. योकोहामा शहराच्या त्सुरुमि वॉर्डात, त्सुरुमि लाइनवर, त्सुरुमि जंक्शनपासून पहिलंच. अंतर एक किलोमीटरसुद्धा नाही. कोकुदो म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. रूळ जिथे हमरस्ता ओलांडतात तिथे स्टेशन, म्हणून नावही तेच ठेवून मोकळे झाले. आपल्याकडे ठाण्याच्या पुढे एखाद्या स्टेशनला 'हायवे' नाव द्यावं तसं. घरी फोनवर पत्ता सांगितला तेव्हा आईने दोनदा विचारलं, "अरे, पण गावाचं नाव काय?"

तिथे राहायला गेलो ते 2023 च्या उन्हाळ्याच्या शेवटी, आणि कारण फक्त भाडं. ऑफिस शिनागावाला. निशिकासाईत, म्हणजे तोक्योतल्या आपल्या लोकांच्या पेठेत, खोली मिळत होती, पण त्या पैशांत इथे बाल्कनी येत होती. घरं दाखवणाऱ्या माणसाच्या कागदावर 'स्टेशनपासून 6 मिनिटं' असं होतं. हे सहा मिनिटांचं प्रकरण मला आवडलं. जपानमध्ये जाहिरातीत एक मिनिट म्हणजे 80 मीटर असं ठरलेलं आहे, त्यामुळे 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणून रिक्षाचं अंतर गळ्यात मारता येत नाही. मी मूळचा डोंबिवलीचा. ही सोय तिकडे असती तर निम्मे बिल्डर तोंडावर पडले असते.

खोली झाली, मग पास. डोंबिवलीत पास काढणं म्हणजे खिडकीवर रांग, जुना पास, पैसे, संपलं. इथे पास आधी ऑफिसातून सुरू होतो. घर ते ऑफिस जाण्यायेण्याचा खर्च बहुतेक कंपन्या देतात, आणि महिन्याला 1,50,000 येनपर्यंत त्या भत्त्यावर कर नाही. पण देताना तुम्ही कसे येणार ते लिहून घेतात. घर ते स्टेशन पायी किती मिनिटं, कुठे चढणार, कुठे बदलणार, कुठे उतरणार, महिन्याचे किती. सोबत नकाशा. मी लिहिलं: कोकुदो, त्सुरुमिला बदल, केइहिन-तोहोकु लाइनने शिनागावा.

फॉर्म परत आला. ऑफिसातल्या बाईंनी अतिशय नम्रपणे विचारलं होतं की, तुमच्या घराजवळ केइक्यू कंपनीच्या रेल्वेचं कागेत्सु-सोजिजी हेही स्टेशन दिसतं, ती गाडीही शिनागावालाच जाते, तर हाच मार्ग का? माझ्या घरापासून कुठलं स्टेशन किती पावलांवर आहे हे माझ्याआधी त्यांना माहीत! त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे रूळ तिथे जवळजवळ एकमेकांना खेटून जातात. पण कागेत्सु-सोजिजीला फक्त लोकल थांबते, पुढे जलद गाडी पकडायला बदलावं लागतं, शिवाय ऑफिसचा दरवाजा जेआरच्या, म्हणजे माझ्या दोन्ही लाइन ज्या कंपनीच्या तिच्या, बाजूला. हे सगळं एका परिच्छेदात लिहून दिलं. नियमात 'स्वस्त आणि वाजवी मार्ग' असे शब्द होते. स्वस्ताबद्दल मी काही बोललो नाही, वाजवीवर भर दिला. तीन दिवसांनी मंजूर.

आता प्रत्यक्ष पास. त्याला तेइकी म्हणतात, आणि तो कोकुदोला मिळत नाही. त्यासाठी त्सुरुमिला जायचं. तिथे मोठ्या पडद्याचं मशीन आहे, इंग्रजीही बोलतं. कामाला जाण्याचा पास आणि शाळा-कॉलेजचा पास वेगळे, तेवढं बटण नीट बघून दाबायचं. मुदत एक, तीन किंवा सहा महिने, सहा महिन्यांचा अर्थातच स्वस्त पडतो. मग नाव, जन्मतारीख, फोन नंबर. नाव जपानी अक्षरांत. कुलकर्णीचं त्या अक्षरांत 'कुरुकारुनी' होतं, त्याला इलाज नाही. त्यांच्याकडे सुटं 'ल' नाही आणि अर्धा 'र' तर नाहीच. मशीनने पैसे गिळले, थोडं गुरगुरलं आणि हिरवं कार्ड बाहेर आलं. त्यावर 'कोकुदो ते शिनागावा', खाली मुदत, खाली श्री. कुरुकारुनी. त्या दिवसांत इलेक्ट्रॉनिक चिप्सच्या टंचाईमुळे साध्या सुइका कार्डांची, म्हणजे नुसते पैसे भरून वापरायच्या बिनपासाच्या कार्डांची, विक्री बंद होती, पण पासवालं कार्ड मिळत होतं, ह्यात माझं नशीब.

ह्या कार्डाची एक गंमत पुढे सहा महिन्यांनी कळली. मुदत संपत आली की चौदा दिवस आधीपासून नवीन पास काढता येतो. जुनं कार्ड मशीनमध्ये सरकवलं की ते छापलेलं सगळं पुसून त्याच कार्डावर नवीन तारखा छापून देतं. पाटी पुसून पुन्हा लिहावी तसं. माझ्या कार्डावर पहिल्या तारखांची पुसट सावली अजून दिसते, उन्हात तिरकं धरलं की.

पहिल्या दिवशी पास घेऊन कोकुदोला गेलो, तेव्हा मला खरंच घरी आल्यासारखं वाटलं. जपानच्या शहरात स्टेशन म्हटलं की दाराची रांग: कार्ड लावा, दार उघडेल, पैसे कमी असतील तर मांडीवर थाप बसेल. कोकुदोला दारच नाही. रुळांच्या खाली काँक्रीटचा बोगद्यासारखा रस्ता आहे, वर गोल कमानी, दिवसाही अंधार, दोन्ही बाजूंना जुनी दुकानं, बहुतेकांची शटर खाली. एखाददुसरा गुत्ता संध्याकाळी कंदील लावायचा. हे सगळं 1930 मध्ये लाइनवर प्रवासी वाहतूक सुरू झाली तेव्हापासूनचं, आणि तेव्हापासून कुणी रंगाचा ब्रशही लावला नसावा असं दिसतं. बाहेरच्या भिंतीवर दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या गोळीबाराचे खड्डे आहेत. त्यांच्या शेजारी सायकली लावतात. ह्या बोगद्याच्या मध्यातून जिना वर फलाटावर जातो, आणि जिन्यापाशी दोन खांब. एक आत जाताना लावायचा, एक बाहेर पडताना. बस.

आपल्या लोकललाही दार कुठे आहे? पूल चढायचा, पूल उतरायचा, पास खिशात. टीसी दिसला तर दाखवायचा, नाही दिसला तर नाही. पास म्हणजे खिशात असण्याची वस्तू, कशाला तरी लावण्याची नाही. डोंबिवली ते व्हीटी बारा वर्षं मी असाच गेलो, आणि विदाऊट एकदाही गेलो नाही, हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्यावरून उलटा समज व्हायचा.

सकाळचा प्रवास तर ऐश होती. त्सुरुमि लाइन समुद्र भरून काढलेल्या जमिनीवरच्या कारखान्यांसाठी बांधलेली. असानो सोइचिरो ह्या सिमेंटवाल्या उद्योगपतीने आणि त्याच्या साथीदारांनी ती जमीनही केली आणि रेल्वेही, आणि मग स्टेशनांना स्वतःचीच नावं दिली. असानो स्टेशन त्याचं. आन्झेन हे यासुदा झेन्जिरो ह्या बँकवाल्याच्या नावातली दोन अक्षरं जोडून. ओकावा हे कागद गिरण्यांच्या ओकावा हेइझाबुरोचं. ओगिमाचि म्हणजे पंख्याची वस्ती, कारण असानो घराण्याच्या चिन्हात पंखा. लाइनीवरून फिरलं की भागीदारांची यादीच वाचून होते. 1943 मध्ये सरकारने रेल्वे ताब्यात घेतली, नावं तशीच राहिली. तर सकाळी सगळी गर्दी त्सुरुमिहून ह्या कारखान्यांकडे, आणि मी कारखान्यांकडून त्सुरुमिकडे. तीन डब्यांची गाडी, बसायला जागा, सकाळी पावणेआठला! पहिले काही दिवस मी उगाच उभा राहिलो. बसलो तर कुणीतरी उठवेल असं वाटायचं. त्सुरुमिला केइहिन-तोहोकु पकडली की मग नेहमीची चेपाचेपी, पण तिथे हात आधीच सरावलेले.

संध्याकाळी मात्र गडबड व्हायची, आणि ती कुठे व्हायची ते आता सांगतो. शिनागावाला दारातून आत येताना कार्ड लागतंच, न लावून जाणार कुठे. त्सुरुमिला बदलताना पूर्वी मध्ये आणखी एक दारांची रांग होती, कारण पुढची सगळी स्टेशनं बिनमाणसाची. तिकीट तिथेच तपासून घ्यायचे. ती रांग 2022 साली काढून टाकली. म्हणजे शिनागावाला कार्ड लावलं की थेट कोकुदोचा खांब. आणि कोकुदोला उतरलो की अंधार, कमानी, तळलेल्या माशांचा वास, आणि पाय आपोआप डोंबिवलीच्या चालीने चालायला लागतात. खांब डावीकडे राहतो. पाय थांबत नाहीत.

म्हणून त्या सकाळी लाल दिवा. कार्डाच्या हिशेबाने मी आदल्या संध्याकाळी शिनागावाला आत शिरलो होतो आणि अजून बाहेर आलोच नव्हतो. जो रात्रभर रेल्वेच्या आत आहे, तो सकाळी पुन्हा आत कसा येणार?

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं पास बिघडला. कार्ड पँटवर पुसलं, पाकिटातून वेगळं करून लावलं, उलटं लावलं. बोगद्यात एक आजोबा दुकानासमोर पाणी मारत होते. त्यांनी नळी बाजूला धरली आणि "ओनीसान" अशी हाक मारली. आपण अनोळखी तरुणाला 'दादा' म्हणतो तसं. चाळिशीच्या माणसाला ते ऐकून बरंच वाटतं. त्यांनी खांबाकडे बोट केलं, मग दुसऱ्या खांबाकडे, मग माझ्याकडे बघून हाताने 'काल?' अशी खूण केली. मी मान हलवली. म्हणाले, असाच गाडीत बस आणि त्सुरुमिच्या खिडकीत सांग. एवढं सांगून पुन्हा पाणी. मी पहिलाच नव्हतो, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

असाच गाडीत बस! म्हणजे विदाऊट. खिशात सहा महिन्यांचा पास असून मी ती तीन-चार मिनिटं दाराजवळ उभा राहून काढली, आणि गाडीत टीसी नसतो हे माहीत असूनही दोन्हीकडे बघत होतो.

त्सुरुमिला मुख्य दारांच्या शेजारी खिडकी आहे. मी मनातल्या मनात जपानी वाक्यं जुळवली, आणि खिडकीशी गेल्यावर त्यातलं एकच निघालं: "काल कोकुदोला विसरलो." तेवढं पुरलं. त्या तरुणाने छोटा ट्रे पुढे केला, मी कार्ड ठेवलं, त्याने यंत्रावर टेकवलं. पडद्यावर बघून विचारलं, "काल शिनागावाहून? कोकुदोला उतरलात?" हो. "आणि आज कोकुदोहून आलात?" हो. दोन बटणं. एकाने मला कालच्यातून बाहेर काढलं, दुसऱ्याने आजच्यात आत घेतलं. सगळा मार्ग पासातलाच, त्यामुळे पैसे शून्य. कार्ड ट्रेमध्ये परत, वर "सांभाळून जा". एक मिनिटही लागलं नाही. मी दंड, पावती, निदान एखादा फॉर्म तरी असेल म्हणून थांबलो होतो. तो माझ्या मागच्या बाईंकडे बघू लागला तेव्हा कळलं की झालं.

दुसऱ्यांदा विसरलो तो प्रसंग जरा अवघड. रविवारी निशिकासाईला मित्राकडे जेवायला गेलो होतो. परतीला मेट्रोने ओतेमाचि, तिथून चालत तोक्यो स्टेशन, जेआर, त्सुरुमि, कोकुदो. पोटात पुरणपोळी, हातात डबे, आणि खांब पुन्हा डावीकडे राहिला. ह्या वेळी मार्ग पासाबाहेरचा होता: तोक्यो ते शिनागावा एवढ्या तुकड्याचे पैसे द्यायचे राहिले होते. सोमवारी खिडकीत तोच प्रश्न, "कुठे उतरलात?" आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या सगळ्या कारभारात पुरावा असा काहीच नाही. मी कुठे उतरलो हे फक्त मला माहीत होतं. कार्डाला माहीत नाही, खांबाला माहीत नाही. मी म्हटलं कोकुदो; त्याने कोकुदो धरून पासाबाहेरचे शंभरावर काही येन कार्डातून वळते केले आणि माझं म्हणणं रेल्वेच्या हिशेबात जमा झालं. आपल्याकडच्या टीसीसमोर "साहेब, खरंच पास आहे, घरी राहिला" म्हणणारे चेहरे आठवले. त्यातले काही खरं बोलत असणार, हे मला त्या सोमवारी पहिल्यांदा वाटलं.

पुढे मी उपाय केले. कार्ड गळ्यात अडकवलं. ऑफिसच्या ओळखपत्रात गुंतायला लागलं. फोनमध्ये गजर लावला, 'खांब!' असा, गाडी कधी दोन मिनिटं पुढे असायची, कधी मीच उशिरा. एकदा तर कार्डच हरवलं असं वाटून नवीन काढायला निघालो होतो. नाव नोंदलेलं असल्याने पासासकट पुन्हा मिळतं, 520 येन आणि नव्या कार्डाचे 500 अनामत, तेही दुसऱ्या दिवसापासून. ते कोटाच्या अस्तरात सापडलं. शेवटी जो उपाय टिकला तो साधा: गाडी वळणावर कुरकुरली की कार्ड हातात घ्यायचं. कोकुदोचे फलाट वळणावर आहेत, गाडी आणि फलाट ह्यांत चांगली फट राहते. ती ओलांडताना खाली बघावंच लागतं, आणि हातातलं कार्ड दिसतं.

मध्ये 2023 च्या डिसेंबरात ह्या लाइनवर नव्या गाड्या आल्या. फोटो काढणारे लोक जुन्या पिवळ्या पट्ट्यांच्या गाड्यांसाठी कोकुदोला गर्दी करत होते, बोगद्यात तिपाया. त्यांच्यातल्या एकाने मला थांबवून खांबाजवळून सरकायला सांगितलं, कमानी चौकटीत बसत नव्हत्या. मी रोजचा पासवाला, हे सांगावंसं वाटलं. सरकलो.

आई आली ती पुढच्या वसंतात. विमानतळावर तिला पर्यटकांचं कार्ड काढून दिलं, अठ्ठावीस दिवस चालतं. ते तिने रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि दर वेळी पूर्ण विधी करून काढायची. तिला उमि-शिबाउरा दाखवायला नेलं. लाइनच्या एका फाट्याचं ते टोक. फलाट थेट खाडीच्या पाण्यावर, आणि बाहेरचं दार फक्त कारखान्याच्या कामगारांसाठी. इतरांसाठी फलाटाला लागून एक चिंचोळी बाग केली आहे, 1995 ची. तिथे बसून पाणी बघायचं, कार्ड लावून बाहेर, कार्ड लावून आत, आणि त्याच गाडीने परत. आईला हे फार पटलं. म्हणाली, "बरंय, उतरले पण नाही आणि पोचले पण."

संध्याकाळी कोकुदोला उतरलो. जिना उतरताना ती पुढे, रुमाल उलगडून तयार. खांबाला कार्ड लावलं, आवाज ऐकला, कार्ड परत रुमालात. मी डबा, पाण्याची बाटली, तिची शाल असं सगळं घेऊन मागे. बोगद्यातून निम्म्यात आलो तेव्हा ती थांबली.

"इथे टीसी कुठे उभा असतो रे?"

"नसतोच."

"मग तू कार्ड लावलंस का?"

आठवेना. अगदी पाच मिनिटांपूर्वीची गोष्ट, आणि काही केल्या आठवेना. दुकानासमोर ते आजोबा स्टुलावर बसले होते, त्यांनी मान वर केली. मी परत गेलो, खांबाला कार्ड लावलं. लाल दिवा, किरटा आवाज. म्हणजे मघाशी लावलं होतं.

"काय झालं?" आईने लांबून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आधीच बाहेर आहे."